यानात ऑक्सिजन: पाण्यातून की कांडीतून?

अंतराळ मोहिमेचा आराखडा करणारी मैत्रीण अडली होती: ऑक्सिजनसाठी पाण्याचं विद्युत विघटन (विजेने पाणी फोडणं) घ्यावं की रासायनिक कांड्या, म्हणजे पेटवल्यावर ऑक्सिजन सोडणारी घन रसायनं?

विघटनात खरी मेख बुडबुड्यांची. वजनरहित अवस्थेत ते वर येत नाहीत, पाण्यात वीज सोडणाऱ्या इलेक्ट्रोडलाच चिकटून बसतात आणि पाण्याचा संपर्क तोडतात. मग वायू वेगळा काढायला फिरता विभाजक लागतो. पंप, देखभाल, सुटे भाग आलेच. पण १ किलो पाण्यातून सुमारे ८९० ग्रॅम ऑक्सिजन मिळतो, एका माणसाची दिवसाची गरज भागते.

कांडीत द्रव नाही, त्यामुळे ही कटकटच नाही. पण ती एकदाच चालते, आणि १९९७ मध्ये मीर या रशियन अंतराळ स्थानकावर अशाच कांडीने आग लागली होती. मला ते फार गंभीर वाटतं.

महिनोन्महिन्यांच्या मुक्कामाला विघटनच, कांड्या आणीबाणीपुरत्या. पंखे मात्र दोन्हीकडे लागतातच, कारण गरम हवा तिथे आपसूक वर जात नाही आणि हवा आपली आपण मिसळत नाही.