इलेक्ट्रिक गिटारवर फ्लॅटवाउंड तारा: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या वापरानंतर

फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा, म्हटलं की लोक आवाजाबद्दल बोलायला लागतात: जाड, गोल, जॅझवाला टोन. ते खरं आहे, पण त्या आवाजाचा बराचसा भाग टोनचा नॉब खाली करूनही मिळतो. नॉबने जे मिळत नाही ते डाव्या हाताला मिळतं, आणि त्याची किंमत तिसरी तार (पहिली सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड) वसूल करते. म्हणून सेट निवडताना पॅकेटवरच्या जाडीच्या आकड्यांत (इंचाचे हजारावे भाग) पहिला बघण्याआधी तिसरा बघावा.

वापरात तीन सेट होते. डॅडारिओ क्रोम्स ११-५० (पहिली तार ११, सहावी ५०) हा स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर प्रकारच्या, २५.५ इंची स्केलच्या (मोकळ्या तारेची लांबी) गिटारवर होता. थॉमास्टिक-इन्फेल्ड जॅझ स्विंग ११ चा सेट २४.७५ इंची सेमी-हॉलोवर (अर्धपोकळ गिटारवर) होता, आणि अर्नी बॉलचा फ्लॅटवाउंड स्लिंकी १०-४६ दुसऱ्या एका स्ट्रॅटवर. तिन्ही गिटारी मुंबईतच, म्हणजे मे महिन्याचा घाम आणि पुढचा सगळा पावसाळा यांनी पाहिलेला आहे.

आधी रचना, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नेहमीच्या राउंडवाउंड तारेत स्टीलच्या गाभ्यावर गोल वायर गुंडाळलेली असते, म्हणून बोटाला खाचा लागतात. फ्लॅटवाउंडमध्ये सगळ्यात बाहेरचा थर चपट्या पट्टीचा असतो आणि पट्टीच्या कडा एकमेकींना भिडलेल्या असतात. मधे हवा नाही, धातू जास्त. त्यामुळे तेवढ्याच जाडीची फ्लॅट तार बहुतेक वेळा राउंडपेक्षा जड असते आणि त्याच स्वराला लावली की जास्त ताणलेली लागते. पहिली आणि दुसरी तार मात्र कुठल्याही सेटमध्ये साधी स्टीलचीच. तिथे फ्लॅट असं काही नसतंच. हाफ राउंड ही वेगळी गोष्ट आहे: ती गोल वायरच, वरून घासून गुळगुळीत केलेली. हाताला ती मधलीच लागते आणि आवाजही मधलाच देते.

डाव्या हाताचा फायदा पहिल्याच दिवशी कळतो. पोझिशन बदलताना जाड तारांवर जो 'चर्र' आवाज येतो तो जवळजवळ नाहीसा होतो. भावगीताच्या साथीला क्लीन आवाजात कॉर्ड बदलत जायचं असेल, किंवा घरी ऑडिओ इंटरफेसमधून थेट रेकॉर्ड करायचं असेल, तर हा फरक फार मोठा आहे. मिक्समध्ये तो चर्र काढायचा म्हणजे बरोबरीने आवाजाची धारही जाते. त्याहून मोलाची गोष्ट घसीट. चौथ्या-पाचव्या तारेवर मंद्र स्वरांत पाच-सहा पडदे, म्हणजे फ्रेट, सरकत जा, स्वर सलग राहतो. फ्रेट मधे येतात, त्यामुळे ही सरोदची सलगता नव्हे, पण राउंडवाउंडवर जो खरखरीत तळ ऐकू येतो तो गेलेला असतो. स्लाइड वापरणाऱ्यांनी तर एकदा लावून बघाव्यातच.

मींड मात्र तार ओढून काढायची सवय असेल तर थांबा. क्रोम्स ११-५० मध्ये तिसरी तार २२ ची आणि गुंडाळलेली आहे. साधी १७ ची तिसरी तार सहज एक पूर्ण स्वर चढते. ही अर्ध्या स्वरालाच बोटांची परीक्षा घेते. कारण जाडी नाही, गाभा आहे. गुंडाळलेल्या तारेत ताण घेतो तो आतला बारीक गाभा. तो आधीच खूप ताणलेला असतो, म्हणून तेवढ्याच ओढीने त्याचा ताण टक्केवारीत कमी वाढतो आणि स्वर कमी चढतो. साधी जाड तार उलट वागते, जरा ओढली की स्वर पळतो. दोन्ही वागणुकी चांगल्याच आहेत, वाजवायचं काय ते ठरवा. ब्लूज किंवा तार ओढून वाजवायच्या सुरावटी तुमच्या हातात रोज असतील तर अर्नी बॉलचा १०-४६ घ्या. त्यात तिसरी तार साधी १७ ची आहे. तीन जाड तारा फ्लॅट, तीन बारीक साध्या. त्याचा तोटा असा की चौथीवरून तिसरीवर येताना आवाजाचा पोत एकदम बदलतो, वरचा स्वर चमकतो आणि खालचा मऊ राहतो. कॉर्ड-मेलडी वाजवणाऱ्याला हे खटकेल. गुंडाळलेली तिसरी तार असली की हीच उडी दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या मधे जाते, आणि तिथे ती कमी टोचते.

त्याच गाभ्यामुळे इंटोनेशनही, म्हणजे वरच्या फ्रेटवरचं सुरात असणंही, बदलतं. साध्या तिसऱ्या तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे असतं. गुंडाळलेली चढवली की बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथेच बोट नुसतं टेकवून काढलेल्या हार्मोनिकपेक्षा उतरलेला येतो आणि सॅडल नेकच्या दिशेने साधारण दोनेक मिलिमीटर पुढे आणावं लागतं. स्ट्रॅटवर हे स्क्रूड्रायव्हरचं काम. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवर जागा संपली तर ते सॅडल उलटं बसवून थोडी मिळते. तीन सॅडलच्या जुन्या टेलीवर (टेलीकास्टरवर) तिसरी आणि चौथी एकाच सॅडलवर असतात, पण गुंडाळलेली तिसरी तार असताना तडजोड उलट सोपी होते, कारण दोन्हींना जवळपास सारखीच जागा लागते.

स्ट्रॅटवाल्यांसाठी एक आनंदाची गोष्ट. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिसरी तार गुंडाळलेलीच असे, आणि तेव्हाच्या त्या हलक्या आवाजाच्या तारेसाठी पिकअपमधला तिसरा पोल (तारेखालचा चुंबक) उंच ठेवला गेला. विंटेज पद्धतीच्या पिकअपमध्ये तो आजही उंच असतो, म्हणूनच साध्या तिसऱ्या तारेवर तो स्वर नको तितका मोठा येतो. फ्लॅट सेट लावला की ते पिकअप आपलं मूळ काम करू लागतं आणि सहाही तारांचा तोल बसतो. सपाट पोल असलेल्या पिकअपवर उलटं घडतं: पहिल्या दोन साध्या तारा पुढे येतात. तेव्हा बारीक तारांच्या बाजूने पिकअप थोडं खाली करा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजल्यास जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिमी ही सुरुवात धरावी, आणि तिथून बारीक बाजू कानाने उतरवत जावी.

आता चढवण्याबद्दल. इथे सेट वाया जातात. फ्लॅट तार मशीनहेडमध्ये (तार पिळायच्या खुंटीत) घालायच्या आधी सरळ कापू नका. पट्टीला धरून ठेवणारं काही उरत नाही, ती गाभ्यावर सैल होते आणि तार मेलेली लागते, कधी झणझणते. मग त्यावर इलाज नाही. पोस्टच्या, म्हणजे खुंटीच्या दांड्याच्या, पुढे जिथे कापायची तिथे पक्कडीने काटकोनात घडी घाला आणि घडीच्या पलीकडे कापा. वरून भोक असलेल्या, खाचेच्या जुन्या पद्धतीच्या पोस्टमध्ये तर हे करावंच लागतं. गोल गाभ्याच्या तारांना, उदाहरणार्थ पिरॅमिडच्या गोल्ड मालिकेला, हा नियम दुप्पट लागू.

नट, म्हणजे नेकच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, तपासा. १७ साठी कापलेल्या खाचेत २२ ची तार बसत नाही, वर अडकून राहते. लक्षणं ठरलेली आहेत: ट्यून करताना 'टिक' असा आवाज होतो, स्वर एकदम उडी मारतो, मोकळी तार सुरात आणि पहिल्या फ्रेटवर चढलेली. नट-फाइलने खाच रुंद करायची, खोल नाही. तळाचा उतार हेडस्टॉककडे हवा. फाइल नसेल तर हे काम सेटअप करणाऱ्या कारागिराकडे द्या आणि जाताना नवीन तारांचं पॅकेट सोबत न्या, म्हणजे तो त्याच तारेवर खाच बेतेल. सँडपेपरची घडी घालून ही खाच कापू नका, तळ गोल होतो आणि मोकळी तार सतारीच्या जव्हारीसारखी बोलू लागते. कापून झाल्यावर खाचेत शिसपेन्सिलीची पूड लावली की पुरे.

ताणाचा हिशेब सोपा आहे. साध्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाने वाढतो: १० ची पहिली तार २५.५ इंची स्केलवर साधारण ७.४ किलोने ओढते, ११ ची ८.९ किलोने, म्हणजे २१ टक्के जास्त. २४.७५ इंची स्केलवर तोच सेट सुमारे ६ टक्के सैल लागतो. गायकाच्या सोयीने सगळी गिटार अर्धा स्वर खाली लावली तर ताण ११ टक्के उतरतो, पूर्ण स्वर खाली लावली तर ११ ची पहिली तार १० च्या जवळ येते. क्रोम्स ११-५० अर्धा स्वर खाली लावलेला फार छान वाटतो. बोटं दमत नाहीत आणि तळही ढिला पडत नाही.

१० च्या राउंडवरून ११ च्या फ्लॅटवर गेलात की नेक पुढे वाकते. तारा चढवून, सुरात लावून एक रात्र जाऊ द्या. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर सहावी तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. ०.२ ते ०.२५ मिमी असेल तर हात लावू नका. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा दांडा) पाव फेरा घट्ट करा, आणि पुन्हा मोजल्याशिवाय दुसरा पाव नाही. तरंगत्या ट्रेमोलोचा ब्रिज पुढे उचलला गेला असेल तर मागच्या क्लॉचे (स्प्रिंग अडकवलेल्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू सारखे घट्ट करा. तीन स्प्रिंग असतील तर चौथी घालणं जास्त बरं. जास्त ताणाची तार वाजताना कमी रुंद हलते, म्हणून ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) थोडी खाली नेता येते. बाराव्या फ्रेटवर सहावीला १.८ आणि पहिलीला १.५ मिमी इथवर जाऊनही फ्रेट वाजले नाहीत.

आवाजाबद्दल थोडक्यात. नवीन क्रोम्स स्टीलच्या असल्यामुळे अपेक्षेपेक्षा चमकदार लागतात. पंधरा दिवसांत बसतात. जॅझ स्विंग निकेलच्या, पहिल्या दिवसापासून उबदार, आणि हाताला इतक्या नरम की ११ चा सेट १० चा वाटतो. त्या क्रोम्सपेक्षा बऱ्याच महाग आहेत. सेमी-हॉलोवर मात्र तो पैसा ऐकू येतो: कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा राहतो. फ्लॅटवर नेक पिकअप आणि टोन तीनवर असं केलं तर आवाज चिखलात जातो. टोन पूर्ण उघडा, ॲम्पचा बेस कमी करा, मधलं पिकअपही वापरून बघा. ओव्हरड्राइव्हमध्ये वरचे हार्मोनिक कमी असल्यामुळे खरखर येत नाही आणि दोन-तीन स्वरांचे कॉर्ड गढूळ होत नाहीत. पण हाय-गेन मेटलला, तळहाताने दाबलेल्या रिफला या तारा नकोत. तिथे लागणारी धार त्यांच्यात नाही.

मुंबईच्या हवेत या तारांचं खरं सोनं होतं. राउंडवाउंडच्या खाचांत घाम आणि कातडीचा मळ बसतो आणि समुद्राच्या हवेत त्या लवकर मरतात. फ्लॅटमध्ये मळाला जागाच नाही. उन्हाळ्यात चढवलेल्या क्रोम्सच्या चारही जाड तारा दिवाळीलाही सुरात, स्वच्छ आणि गंजविरहित होत्या. पहिली आणि दुसरी मात्र जुलैतच काळी पडली, कारण ती साधी स्टील. मधूनमधून बदलावीच लागते. म्हणून सेटबरोबर ११ आणि १५ च्या सुट्या साध्या तारा घेऊन ठेवा. हे केलं की महाग सेट पुढे स्वस्त पडतो.

पावसाळ्यातली एक अडचण खरी आहे: सपाट पृष्ठभाग बोटाला जास्त लागतो, घाम असला की बोट चिकटतं आणि घसीट अडखळते. वाजवण्याआधी हात धुऊन कोरडे करा, आणि मधे कोरड्या सुती फडक्याने तारा पुसा. महिन्यातून एकदा फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन जाड तारा पुसल्या की पुन्हा सरळ सरकतात. खाली फ्रेटबोर्डवर पुठ्ठा धरा, लाकडाला आणि लॅकरला अल्कोहोल लागू देऊ नका. तेलकट स्ट्रिंग क्लीनर या हवेत धूळ धरतं.

विकत घेताना पॅकेट नीट वाचा. थॉमास्टिकच्या जॅझ स्विंग फ्लॅट आहेत, पण त्याच कंपनीच्या जॅझ बीबॉप राउंडवाउंड आहेत; काउंटरवर नुसतं 'थॉमास्टिक जॅझ' म्हटलं तर दुसरंच हातात येऊ शकतं. डॅडारिओचे फ्लॅट ईसीजी या अक्षरांनी सुरू होतात, ईसीजी २३ म्हणजे १०-४८, २४ म्हणजे ११-५०, २५ म्हणजे १२-५२, आणि तिन्हींत तिसरी तार गुंडाळलेली आहे. ईएचआर दिसलं तर ते हाफ राउंड. धोबी तलावचं १८६५ पासूनचं फुर्ताडोज असो किंवा ठाण्या-वांद्र्यातलं एखादं दुकान, निघण्याआधी फोन करून हा नंबरच सांगा, आणि सुट्या ११-१५ आहेत का तेही त्याच फोनवर विचारा.