पेनड्राइव्ह की पोर्टेबल एसएसडी?

इंदूरच्या माझ्या भाच्याला संगणकांवर विंडोज आणि लिनक्स या प्रणाली वारंवार बसवाव्या लागतात. जेल रोडवर खरेदीला जाण्यापूर्वी त्याने पेनड्राइव्ह आणि पोर्टेबल एसएसडी (केबलने जोडायचे वेगवान साठवण-साधन) यांपैकी काय घ्यावे, असे विचारले.

वेष्टनावरील ‘यूएसबी ३.२ जेन १’ हा शिक्का केवळ जोडणीची कमाल क्षमता, म्हणजे ५ गिगाबिट प्रतिसेकंद, सांगतो. स्वस्त पेनड्राइव्हचा लेखनवेग थोड्याच वेळात घसरतो, त्यामुळे विंडोज ११ ची ५ जीबीहून मोठी आयएसओ फाइल (प्रणाली बसवण्यासाठीची एकत्रित फाइल) चढवताना बराच खोळंबा होतो; चांगली साटा (एसएसडीचा एक प्रचलित प्रकार) एसएसडी त्याच जोडणीवर सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास वेग देते आणि थेट तिच्यावरून लिनक्स चालवताना हा फरक अधिकच जाणवतो. किंमत व आकार यांत पेनड्राइव्ह सरस आहे. सततच्या लेखनासाठी मात्र, केबल जपावी लागली तरी, माझा विश्वास एसएसडीवरच आहे.

वर्षातून एकदा विंडोज बसवणाऱ्याला १६ जीबीचा पेनड्राइव्ह पुरेसा आहे; भाच्याप्रमाणे व्हेंटॉय (एकाच ड्राइव्हवरील अनेक आयएसओंमधून हवी ती सुरू करू देणारे सॉफ्टवेअर) वापरून अनेक आयएसओ सोबत बाळगणाऱ्याने एसएसडीच घ्यावी.