मका भरडा ५० किलो पोतं: माल एक नंबर, पण दळण जाड

गोव्यात सत्तरी तालुक्यात आमच्या चार क्रॉस गायी आहेत, दूध डेअरीला घालतो आणि पैसे दुधातल्या फॅटवर मिळतात, त्यामुळे पेंड बदलली की दोन-तीन दिवसांत रिडिंगवर कळतंच. चवथीआधी (गणेश चतुर्थी) या दुकानातून तीन पोती आणली. मका पिवळाधमक, खडखडीत कोरडा, बुरशीचा वास नाही. आपल्या पावसात एवढं मिळालं तरी पुष्कळ.

खरं सांगायचं तर मक्याकडे आलो ते फसल्यावर. त्याआधी पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) शिळे पाव आणि गव्हाचं पीठ चालू होतं, फुकटच्या भावात. पण भाजलेल्या पावातला स्टार्च आणि बारीक गहू पोटात गेला की लगेच आंबतो, रुमेनचा, म्हणजे गायीच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्याचा, पीएच ५.८ च्या खाली उतरतो (पीएच जितका कमी तितकं आंबट) आणि चारा पचवणारे जिवाणू मंद पडतात, फॅट तर त्यांच्याच जिवावर असतं ना. शेण पातळ, रवंथ कमी, फॅट ४ वरून ३.२! गव्हाचा जवळपास ९० टक्के स्टार्च रुमेनमध्येच संपतो, मका त्या मानाने सावकाश, बराचसा पुढे आतड्यात जाऊन पचतो. आठवड्याभरात फॅट परत वर आली.

आता तक्रार. भरडा म्हणून जे देतात त्यात अर्धे दाणे नुसते दोन तुकडे केलेले. शेण चाळणीत घेऊन नळाखाली धुवा, पिवळे तुकडे तसेच्या तसे दिसतील, म्हणजे आपले पैसे उकिरड्यावर. एक बाई म्हणाली, "गाय चावते ना, मग?" चावते हो, पण मक्याच्या दाण्यात स्टार्चभोवती प्रोटीनचं कडक आवरण असतं, ते फुटलं नाही तर जिवाणू शिरणार कुठून? दुकानदार भाऊंना सांगितलं तर म्हणाले बारीक चाळणी लावू, पण किलोमागे एक रुपया जास्त. मला चालेल. फक्त अगदी पीठ करू नका, परत पावाचीच गत.

पाचपैकी साडेतीन. आणि एक, मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) घालत असाल तर जुनी बॅग उघडल्यावर भरडा थोडा कमी करा, तीन-चार महिने मुरला की त्यातल्या दाण्याचं आवरण सैल होतं आणि तोच स्टार्च जास्त झपाट्याने पचतो. हे मला पहिल्या वर्षी कोणीच सांगितलं नव्हतं.