हार्केन की प्रोफर्ल? मुंबईत मुरिंगवर उभ्या राहणाऱ्या बोटीसाठी

पंचवीस-सव्वीस फुटी शिडाची बोट आहे, ती मुरिंगवर (पाण्यातच बोयाला बांधलेली) असते, पुढच्या शिडाला फर्लर (दोरी ओढून शीड गुंडाळायचं यंत्र) बसवायचाय आणि यादी हार्केन आणि प्रोफर्ल या दोन कंपन्यांवर येऊन अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. मापं, वजनं, ड्रमवर किती दोरी मावते, हे सगळं त्यांच्या पत्रकात आहे, ते सोडून देतो. फर्लर घ्यावा की हँक्सच (शीड तारेला अडकवायचे हूक) बरे, हा वादही इथे नको. बोटीवर दोघंच असाल आणि त्यातला एक सुकाणूवर, तर उसळत्या नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, जाऊन शीड बदलायची हौस लवकर फिटते.

फरक आहे तो बेअरिंगमध्ये. हार्केनचं उघडं: टॉरलॉन या टणक प्लास्टिकच्या गोळ्या, ग्रीस नाही, तेल नाही, गोड्या पाण्याने धुतलं की झालं. प्रोफर्लचं बंद: आत ग्रीस, त्यावर सील, मालकाने हात लावायचाच नाही. दुकानात दोन्ही फिरवून पाहिलेत तर हार्केन मन जिंकेल. बंद बेअरिंग सीलमुळे थोडं जड लागतं, आणि प्रोफर्ल दिसायलाही जरा आडदांड.

पण ते गोडं पाणी आणायचं कुठून? मरिनात, म्हणजे बोटींच्या बांधीव तळावर, पाँटूनवर (तरंगत्या धक्क्यावर) नळ असतो. अपोलो बंदरासमोर मुरिंगवर असलात तर डिंगीने (छोट्या होडीने) बोटीपर्यंत जायचं आणि पाणी कॅनमधून चढवायचं. त्यात चहा, पिणं आणि हात धुणं भागलं तरी खूप. युरोपात पाऊस अधूनमधून हे काम फुकटात करून देतो. आपला पाऊस येतो तेव्हा बोट वर काढून ठेवलेली असते, आणि ऑक्टोबर ते मे हा शिडं चालवायचा सगळा हंगाम कोरडा. मीठ बसतं, त्यावर बंदरातली काजळी, रात्री दव पडून त्याचा चिखल होतो आणि सकाळच्या उन्हात तो वाळतो.

माझ्या बोटीबरोबर आलेला जुना फर्लर उघड्या बेअरिंगचाच होता. कुणाचा ते सांगता येणार नाही, ड्रमवरचं नाव कधीच पुसलं गेलं होतं. खालचा ड्रम बाटलीभर पाण्याने निभावून जायचा. त्रास वरच्या स्विव्हलचा, म्हणजे शिडाचं वरचं टोक धरणाऱ्या फिरत्या जोडाचा. तो डोलकाठीच्या टोकापाशी, आणि खाली येतो तो शिडाबरोबरच. म्हणजे शीड उतरवावं लागू नये म्हणून फर्लर, आणि फर्लर धुवायला शीड उतरवा! तेही मांडव्याच्या लाँचेस शेजारून लाटा उडवत जात असताना. मी अर्थातच दर वेळी उतरवायचो नाही.

त्याची किंमत दुपारी कळायची. मांडव्याहून परतताना वायव्येचा वारा चढतो, जेनोआ (पुढचं मोठं शीड) थोडा गुंडाळावा म्हणून दोरी ओढावी, दोन-चार वेढे बसावेत आणि दोरी दगडासारखी थांबावी. वर पाहावं तर स्विव्हल अडकलेला आणि हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) फोरस्टेभोवती, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारदोराभोवती, वेटोळं घालून बसलेला. अशा वेळी दोरी विंचवर (दोरी ताणायच्या चरकावर) घेण्याचा मोह होतो. घेऊ नका, फॉइल (फोरस्टेवर बसवलेली, शिडाबरोबर फिरणारी पोकळ पट्टी) पिळवटतं, फोरस्टेच्या तारा तुटायला लागतात. दोरी सैल सोडा, उलटं फिरवा, पुन्हा बघा.

शेवटी मी प्रोफर्ल घेतला. स्विव्हल न धुताही फिरतो, आणि हॅलयार्ड गुंडाळू नये म्हणून वर एक चकती येते ती वेगळी. हे माझ्या बोटीपुरतं. मोजमाप काही केलेलं नाही. उघड्याच्या बाजूनेही बोलायला हवं: ते बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, आणि बहुतेकदा धुऊन ताळ्यावर येतं. बंद बेअरिंगचं सील गेलं की आतलं गंजेपर्यंत पत्ता लागत नाही, आणि मग ते बदलावंच लागतं. कोचीसारख्या मरिनात बोट असती तर मी बहुधा हार्केनच घेतला असता. सेल्डेनचा फर्लेक्सही अनेकांकडे आहे. त्यात ग्रीस आपण भरायचं, आणि त्याच्या नेहमीच्या किटमध्ये नवा फोरस्टे येतो. फोरस्टे तसाही बदलायला झाला असेल तर हा हिशेब जरूर करा.

कोणताही घेतलात तरी हॅलयार्ड फोरस्टेला समांतर वर जाऊ देऊ नका. तो साधारण 10 अंशांनी डोलकाठीकडे ओढलेला हवा. जागा नसेल तर डोलकाठीवर छोटा फेअरलीड (दोरीला वळण देणारं कडं) बसवून घ्या, नाहीतर नवं बेअरिंगही हेच नाटक करेल. आणि ऑर्डर देण्याआधी फोरस्टेची लांबी पिनपासून पिनपर्यंत स्वतः मोजा. कागदावरची लांबी आणि बोटीवरची लांबी नेहमी जुळतेच असं नाही.