शाईने जुनी डच जहाजं काढायचीत? थोरला फान दे वेल्दे की झेमान

पेनने जहाजं काढायची हौस लागली की कॉपी करायला दोन जुन्या डच चित्रकारांची नावं हमखास समोर येतात, थोरला विलेम फान दे वेल्दे (१६११-१६९३) आणि रेनिअर नोम्स उर्फ झेमान. दोघांचीही कामं आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवरून मोठ्या साइझमध्ये फुकट उतरवता येतात त्यामुळे खर्चाचा प्रश्नच नाही, रोजचा तासभर कुणाला द्यायचा एवढंच ठरवायचं.

वेल्देबद्दल वादच नाही, बाप माणूस! पांढरा थर दिलेल्या कॅनव्हासवर शाई-पेनने अख्खी लढाई उभी करायचा, आणि तीही ऐकीव नाही, डच आरमारासोबत छोट्या गलबतातून जायचा आणि तिथेच स्केच करायचा. पुढे इंग्लंडला गेला तर दुसऱ्या चार्ल्सने त्याला वर्षाला १०० पौंड लावून दिले, फक्त लढायांची रेखाटनं करायला (त्यात रंग भरायला धाकटा विलेम, म्हणजे मुलगा, त्यालाही तेवढेच).

पण माझं घोडं अडलं साइझवर. १६५३ च्या टेरहाइडेच्या लढाईचं त्याचं पेनचित्र जवळजवळ तीन मीटर रुंद आहे, ते ए-फोरवर प्रिंट केलं की हॅचिंग (सावलीसाठी शेजारी-शेजारी मारलेल्या बारीक रेघा), शिडं, दोऱ्या सगळ्याचा एक राखाडी लगदा होतो. स्क्रीनवर झूम करावं तर दोरी झक्क दिसते पण ती कुठल्या डोलकाठीला बांधलीय ते स्क्रीनच्या बाहेर, मग झूम आउट, परत इन, तोवर निबवरची शाई वाळते. बरं लहान स्केचेस घ्यावीत तर त्यात पेन्सिल आणि राखाडी वॉशच (ब्रशने दिलेला पातळ रंग) जास्त, म्हणजे परत ब्रश आला.

झेमानची एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, सुईने रेघा काढून त्या आम्लाने कोरून घेतलेले छाप) मात्र वहीच्या पानाएवढी. प्रिंट मूळ साइझचीच निघते, रेघेला रेघ लावून बघता येतं. १६५० च्या आसपासच्या त्याच्या सिरीजमध्ये बऱ्याच प्लेट्सवर दोन-दोन जातींची जहाजं शेजारी ठेवलीत आणि खाली त्यांची नावं, कुठली दोरी कुठून कुठे जाते ते न शोधता कळतं. आणि पाणी! मोजक्या आडव्या रेघा, बाकी कोरा कागद. पॅरिसच्या मेरियाँ या एचिंग करणाऱ्या चित्रकारानेही १९ व्या शतकात याच्याच प्लेट्स कॉपी करून हात बसवला होता, तेव्हा आपण काही वेगळं करत नाही.

आता एक आहे, एचिंग म्हणजे सुईची रेघ, निब दाबल्यावर जी जाड-बारीक होते ती मजा त्यात नाही. बोरूसारखा हात कमवायचा असेल तर वेल्देच बघा, मी नाही म्हणणार नाही. पण फाइनलायनर (एकसारखी बारीक रेघ देणारं पेन) वापरत असाल, तर मला वाटतं झेमान. दोन जहाजांची एखादी प्लेट घ्या, आधी बूड आणि डोलकाठ्या, मग शिडं, आणि दोऱ्या शाई पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर पट्टीखाली सगळं फासतं.