जुन्या चिरेबंदी घराला गिलावा कसला, चुना की सिमेंट?

कोकणातल्या आमच्या जुन्या घराची डागडुजी काढली तर गवंडी पहिल्याच दिवशी म्हणाला, सिमेंट मारू, आठवड्यात मोकळे. खरंय, सिमेंटचं काम पटकन होतं, कारागीर कुठेही मिळतो. पण जांभा, म्हणजे आमच्या भिंतींचा सच्छिद्र तांबडा दगड, पाणी पितो, पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, आणि वरून सिमेंटचा थर बसला की आतली ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही, मग ती भिंतीत वर चढत जाते. मागच्या खोलीला दहा वर्षांपूर्वी सिमेंट केलेलं, तिथे बोटाने टकटक केलं तर पोकळ वाजतं आणि पापुद्रा काढला की मागचा चिरा इतका भुसभुशीत की नखाने खरवडला जातो, बघून पोटात कालवलं.

चुन्याला मात्र वेळ द्यावा लागतो. कळीचा चुना (भट्टीतून आलेला कोरडा) पाणी घालून विझवायचा, पाण्याखाली मुरवायचा, वाळू घालून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरतं त्या गोल चरात, मळायचा, गूळ-हिरड्याचं पाणी घालायचं, थर पातळ आणि लगेच सुकू द्यायचा नाही. जाणता माणूस शोधावा लागतो, पावसाळ्यात काम बंद. पण भिंत श्वास घेते, बारीक चीर तर चुना बऱ्याचदा स्वतःच बुजवतो. नवीन बाथरूमला सिमेंट चालेल, जुन्या भिंतींना मी चुनाच लावतोय.