चोवीस तासांचा नळ : नऊ महिन्यांनंतर

दिवाळीनंतर आम्ही बेळगावातच घर बदललं. भाडं दीड हजारानं जास्त, स्वयंपाकघर पहिल्यापेक्षा लहान. तरी घेतलं, कारण मालकीणबाईंनी भर दुपारी अडीच वाजता नळ सोडून दाखवला.

"टाकीचं पाणी काय?" मी विचारलं.

"टाकीचं कशाला? लाइनचं की!"

2008 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं हुबळी-धारवाड, कलबुर्गी आणि बेळगावच्या मोजक्या भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, त्यातली ही गल्ली. आमचं आधीचं घर त्या भागाबाहेर होतं. पाणी तेच, राकसकोपचं आणि हिडकलचं, पण तिथं कधी सहाव्या दिवशी यायचं, कधी आठव्या. पहाटे तीनला पलीकडच्या अक्का "नीर बंतू!" म्हणून ओरडल्या की सगळी गल्ली घागरी घेऊन उठायची. बॅरल, बादल्या, पातेली, शेवटी आमटीची वाटीसुद्धा भरायची. वर शहाणपणा असा की नवं पाणी आलं की उरलेलं 'शिळं' म्हणून ओतून टाकायचं!

इथं आल्यावर पहिला महिना मी सवयीनं भरतच राहिले. बॅरलमध्ये अळ्या दिसल्या तेव्हा थांबले. आता भांडी लागतील तशी घासते. पाहुणे आले की "अंघोळीला किती पाणी घेतील?" हा हिशेब मनात येत नाही. या श्रावणात आम्ही चौघं एकदमच घराला कुलूप लावून राजहंसगडावर गेलो. ऐकणाऱ्याला यात काय विशेष वाटणार म्हणा. पूर्वी पाण्याच्या वाराला कुणीतरी घरी थांबायचंच, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असायची.

पाणी स्वच्छही वाटतं. नळाचं काम करणाऱ्यानं कारण सांगितलं ते पटलं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा पडतो आणि जोडातून, भेगेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. सतत दाब असला की गळलं तर पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. आधीच्या घरी पहिल्या दोन बादल्या लाल यायच्या, त्या आम्ही अंगणात ओतायचो.

आता मीटरबद्दल. हजार लिटरचा एक युनिट. आम्हाला महिन्याला सतराच्या आसपास लागतात. चौथ्या महिन्यात एकदम एकतीस आले. मी मीटरवाल्याच्या नावानं खडे फोडले. रात्री सगळे नळ बंद करून बॅटरी घेऊन मीटर बघायला गेले, तर त्यातलं बारीक चक्र सावकाश फिरत होतं. मग फ्लशच्या टाकीत निळीचे चार थेंब टाकले. पंधरा मिनिटांत भांड्यात निळी रेघ उतरली. साठ रुपयांचं रबर बदललं आणि चक्र थांबलं. मीटर नसता तर वर्षभर कळलं नसतं.

त्रास नाहीच असं नाही. वरच्या मजल्यावर सकाळी सात ते नऊ धार करंगळीएवढी असते. आणि जूनमध्ये रस्ता खणताना कुणीतरी पाइप फोडला, तेव्हा दीड दिवस नळ कोरडा. मी साठवण बंद केलेली, घरात दुसरं पाणी नाही. सासूबाई मात्र रोज रात्री तांब्याची घागर भरून ठेवतात आणि मी त्यावरून त्यांची थट्टा करत आले होते. दीड दिवस त्या घागरीवर काढला. त्या काही बोलल्या नाहीत. घागरीवरचं ताट तेवढं जरा जोरात ठेवलं.

कुणी विचारलं तर सांगते, जास्त भाडं देऊनही अशा गल्लीत घर घ्या, पण एक घागर भरलेली ठेवा. बॅरल नको. आमचे दोन होते. एक मालकीणबाईंनी तांदळाला घेतला, दुसरा भाचीच्या लग्नात आचारी घेऊन गेला तो अजून आलेला नाही. मीही मागायला गेलेले नाही.